या क्षेत्रात वाढ फार आहे

…वाढ, वाढ, वाढ! कुठंय ती, दाखवा तरी मला. मे महिन्यात संख्याशास्त्राची पदवी घेऊन टोपी उडवली, ती खाली यायच्या आत जो तो म्हणायला लागला, ‘सोरेन, या क्षेत्रात वाढ फार आहे हं.’ कॉलेजचे सल्लागार प्रुइट सर म्हणाले, चर्चमधल्या बाई कॉफी ओतताना म्हणाल्या, दातांचा डॉक्टर तर माझ्या तोंडात हात घालून म्हणाला… मी काय बोलणार? आणि जाहिरात बघावी तर वर ‘नवपदवीधरांसाठी’, खाली ‘तीन वर्षांचा अनुभव आवश्यक’. म्हणजे काय, शाळेच्या डब्यासोबत कामावरचं हजेरीकार्ड पण न्यायचं होतं का?

बरं, तुम्हाला सांगतो, मुलाखतही आता माणूस घेत नाही. लॅपटॉपसमोर बसायचं, पडद्यावर प्रश्न येतो, आपण बोलायचं, आणि यंत्र आवाजातला आत्मविश्वास मोजतं. एका विमा कंपनीसाठी बसलो घरच्या तळघरात. प्रश्न आला, ‘तुमचे गुण सांगा.’ आता मी पडलो डुलुथचा, उत्तरेकडच्या बर्फाळ गावचा. आमच्याकडे पोरगं पहिलं आलं तरी म्हणतात, ‘तसं वाईट नाही.’ पण प्रुइट सरांनी बजावलं होतं, ‘लाजू नकोस, ठणकावून सांग.’ म्हणून डोळे मिटले आणि म्हटलं, ‘मी… तसा… हुशार आहे…’

मागे आई धुणं काढत होती. ‘सोरेन हाउगेन! लाज नाही वाटत? शेजारच्या मार्लिसबाईंनी ऐकलं तर? म्हणे हुशार! परवा गाडीची किल्ली फ्रीजमध्ये कुणी ठेवली? बर्फ काढायचं फावडं बर्फातच कुणी पुरलं?’ झालं. वेळ संपली, मुलाखत तशीच कंपनीकडे गेली.

आणि मी पास! यंत्राचा शेरा आला, ‘आवाजात दांडगा आत्मविश्वास, नेमकी उदाहरणं.’ टाय लावून ऑफिसात गेलो. तिथल्या ओडेटबाई म्हणाल्या, ‘आमच्या क्षेत्रात वाढ फार आहे. बोला.’ मी बोललो. बाईंनी मान हलवली. ‘हा तो आवाज नाही.’ तो आवाज आईचा, हे मी सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, ‘मग त्यांनाच पाठवा ना. तक्रारीचे फोन घ्यायला आम्हाला असंच माणूस हवंय.’

आई लागली की हो कामाला! रात्री ओव्हनमधली गरम हॉटडिश वाढत होती, तेव्हा म्हटलं, ‘आई, ऑफिसात माझ्यासाठी शब्द टाक ना.’

‘स्वतःच्या पोराचं कौतुक मी करू? लोक काय म्हणतील? शिवाय तीन वर्षांचा अनुभव लागतो रे बाळा.’

‘तुला कुठं होता?’

‘तुला सांभाळलंय ना एवढी वर्षं? तोच धरला त्यांनी.’

आता ती ऑफिसला जाते आणि घरचं धुणं माझ्याकडे. तिच्या ऑफिसच्या कपड्यांची भर पडल्यापासून टोपली रोज ओसंडते. तर या क्षेत्रात वाढ फार आहे, ही गोष्ट अगदी खरी. काल आईनं माझ्या घड्या उलटसुलट करून बघितल्या आणि म्हणाली, ‘तशा वाईट नाहीत.’

पदवी घेतल्यापासून एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं हो.