हरणापासून अस्वलापर्यंत

मोंटानातल्या बंदुकीच्या दुकानात ऑरिन आणि त्याची बायको व्हर्ना माझ्यापुढे रांगेत होते.

“हरीण, एल्क, अस्वल, सगळ्यांना ही एकच रायफल चालते बघ.”

“आणि सरकारी पुतळ्याला?”

“अगं, हळू बोल!”

“चोरटे शिकारी पकडायला रस्त्याकडेला हरणाचा पुतळा उभा करतात, आणि त्यावर गोळी झाडतो कोण? माझा नवरा! शिकारीचा परवाना गेला, फ्रीजर वर्षभर रिकामा.”

“मान हलवत होता तो!”

“मोटर होती मानेत.”

“पण नेम बघ ना! थेट छातीत बसली गोळी.”

मला राहवेना. “वहिनी, तो पुतळा आमच्याच वन्यजीव खात्याचा. त्याला साधा ओरखडाही नव्हता.”

व्हर्ना दुकानदाराकडे वळली.

“ती रायफल माझ्या खांद्याला लावून बघू द्या. यंदा फ्रीजर मी भरते. हा शेगडी सांभाळेल.”