पुलापर्यंतचा एक मैल

शाळेबरोबर मिनेसोटाचं विधानभवन बघायला आलेली ब्रिटा पाय दुखले म्हणून समितीच्या खोलीबाहेर बाकावर टेकली. शेजारी लोर्नाबाई आणि त्यांचा दीर लाइल हुज्जत घालत होते.

“वहिनी, दादानं तीस वर्षं बर्फ लोटायचं यंत्र चालवून त्या हमरस्त्यावरचा बर्फ हटवला, म्हणून त्याच्या आठवणीसाठी रस्त्याला त्याचं नाव देतायत. विधेयक आलंय. आणखी काय हवं?”

“आणखी एक मैल. नाव पुलाच्या अलीकडेच संपतंय.”

“पुलापाशी काय आहे एवढं?”

“तिथंच तुझ्या भावानं रस्त्यावरचा सगळा बर्फ लोटून माझी गाडी पुरली. मग तासभर फावड्यानं उकरत बसला.”

“तासभर? दादाचं ते दहा मिनिटांचं काम!”

“ते मला लग्नानंतर कळलं.”

हसू दाबता दाबता ब्रिटाला उचकीच लागली.

“आणि हे तू आमदारांना सांगणार?”

“मग, खोटं सांगू?”

लोर्नाबाई आत गेल्या आणि लालबुंद गालांनी बाहेर आल्या.

“मिळाला मैल! समितीच्या अध्यक्षांचीही गाडी त्यानं तिथंच पुरली होती म्हणे.”

“मग ती उकरायला किती वेळ लावला?”

“उकरलीच नाही! हात हलवून पुढं गेला.”