बिनकल्हईचं पातेलं

पौडच्या बाजारात अलाउद्दीन कल्हईवाल्यापुढं आमची रांग होती. सगळ्यांच्या पुढं मुठा गावच्या गोजराबाई पितळी पातेलं घेऊन बसल्या होत्या.

"मावशी, आतली कल्हई पार गेलीया. ह्यात काय केलं हुतं?" अलाउद्दीननं विचारलं.

"आमसुलाचं सार. सुनंनं सकाळी करून ह्यातच ठेवलं. सांजंला प्यालो अन् समदं घर ओकलं. करणी केली रांडंनं! आंबोलीला माहेरी हाकलली."

"करणी कसली? पितळंत तांबं असतंय. आंबट त्याला लागलं की दोन्ही मिळून तिसरंच तयार हुतंय, इखारी. मधी कथलाचा थर असला, मंजी कल्हई असली, की आंबट तांब्यापत्तुर जातच न्हाई."

"लई शाना! साळंत कवा गेलावतास?"

"आत बघा. ही हिरवी कड काय सुनंनं रंगवली?"

"न्हाई बा."

"मग कल्हई का न्हाई केली?"

"ती मागं लागली हुती. मीच म्हणलं, औंदा चालंल तसंच."

"जा मग, घिऊन या तिला."

"जाईन. पर ह्ये गावात बोलू नगंस."

"मी कशाला बोलू? तुमच्या मागं रांगंत निम्मं मुठा बसलंय."