शेवटच्या गाडीचा दिवा

तिथे नको, मास्तर, गाडी इकडे उन्हात घ्या. मधल्या स्टँडवर. हां. आणि तुमचं हेल्मेट त्या स्टुलावर ठेवू नका, दादाचं स्टूल आहे ते, खाली ठेवा. रिकामं असलं म्हणून काय झालं — बसायचं नाही त्यावर आणि ठेवायचंही नाही काही. तुम्ही त्या टायरवर बसा. काय म्हणालात — येतोस का? ऐकलं मी मघाशीच. शाळा आठवीत सुटली माझी, कान शाबूत आहेत. आधी गाडी तर बघू दे. ही चेन बघा, बोटाने केवढी हलते, आणि हिच्यावर बसून तुम्ही चारशे किलोमीटर समुद्राच्या कडेने जाणार. पोरांना वर्गात शिस्त लावता आणि स्वतःच्या चेनला तेल नाही.

येतोस का म्हणे. हा शब्द ऐकायला मी सहा वर्षं थांबलो, माहीत आहे? दर हिवाळ्यात तुम्ही चौघं निघायचात — तुम्ही, बेकरीवाला, लांब्या आणि दादा — आणि चारही गाड्या कुठे तयार व्हायच्या? इथेच, या फरशीवर. तुमचा क्लच मी बसवायचो, बेकरीवाल्याच्या टाकीतला मैदा मी धुवायचो — हसू नका, खरंच निघायचा मैदा. पहिल्यांदा विचारलं तेव्हा दादा म्हणाला, लायसन येऊ दे. लायसन आलं. म्हणाला, गाडी येऊ दे. तीन भंगार गाड्यांची एक गाडी जोडली मी, ती काय, ती निळी, कोपऱ्यात. तर म्हणाला, दोघंही गेलो तर शटर कोण उघडणार, आईच्या गोळ्या कोण देणार. आहे का यावर उत्तर? नाही ना. मग मी शटर उघडायचो, गोळ्या द्यायचो, आणि फोनवर तुमचे फोटो बघायचो.

तो व्हिडिओ आहे ना, टोपी उडाल्याचा — वारा सुटलाय, खाली लाटा फुटतायत, दादाची टोपी उडते, बेकरीवाला पोट सांभाळत तिच्यामागे धावतो आणि दादा हसतोय. तोंड उघडून, मान मागे टाकून. तसा हसताना मी त्याला घरी एकदाही बघितला नाही. घरी तो नाकातून हसायचा, हं करून, झालं. परवा अकरा महिने झाले त्याला जाऊन, मास्तर, आणि मी तो व्हिडिओ रोज लावतो, आणि रोज रडू यायच्या आधी राग येतो. तुम्हाला तसला दादा मिळाला. माझ्या वाट्याला काय — त्याचे पाने, त्याचं स्टूल, आणि मोरीतला दात घासायचा ब्रश, जो आई कुणाला हलवू देत नाही. त्याला नेला त्या दिवशीही लोक तुमच्या खांद्यावर हात ठेवत होते. शेवटच्या क्षणी मास्तर होते जवळ, तेवढंच बरं, म्हणत होते. सख्खा भाऊ मी, मी भिंतीला टेकून उभा. कुणीतरी मला म्हणालं, जरा पाणी आण रे मास्तरांना. आणलं मी.

तो पाना द्या. तो नाही, त्याच्या शेजारचा. हां.

आणि दादाला शेवटी का ठेवायचात हो? माहीत आहे मला, मेकॅनिक शेवटी — पुढच्या कुणाची गाडी बंद पडली तर मागून येणाऱ्याला सापडते. बरोबर आहे. पण शेवटच्याची पडली तर? त्याच्या मागे कोण? हे एवढ्या शिकलेल्या माणसांना सुचलं नाही. त्याच्या मागे मी असतो ना. मेकॅनिकच्या मागे मेकॅनिक. किती सोपं होतं. आणि तुमचा तो नियम, भर दुपारीही दिवा लावायचा, पुढच्याने आरशात मागच्याचा दिवा बघत राहायचं, दिवा दिसला नाही की थांबायचं. दादाच्या पुढे कोण होतं? तुम्ही. तुमच्या आरशात दिवा नव्हता. थांबलात? दीपस्तंभापर्यंत गेलात, टपरीवर चार चहा सांगितलेत, चौथा गार झाला तेव्हा मागे वळलात. पाऊण तास. पाऊण तास तो त्या वळणावरून घसरून खाली दगडांत पडला होता, आणि वारा तसाच चालू. पोलिसांना तुम्हीच सांगितलंत — दिवा सकाळपासूनच येत-जात होता, म्हणून वाटलं, विझला असेल, माणूस आहे मागे. पाठ आहे मला ते वाक्य. कविता पाठ झाली नाही कधी, हे झालं.

खाली बघू नका. मी तुम्हाला शिव्या देत नाहीये. म्हणजे देतोय, पण — येत-जात होता म्हणजे काय, होल्डर सैल होता. बल्ब ज्यात बसतो तो. गचका बसला की दिवा जायचा, पुन्हा गचका बसला की यायचा. दहा मिनिटांचं काम. नवा होल्डर या खणातच पडला होता —

मला कसं माहीत? गाडी नंतर इथेच आणली ना, मी उघडली, तेव्हा — नाही. थांबा. आधीच माहीत होतं.

आमची एक पद्धत आहे, मास्तर. ज्याने काम केलं त्याने त्या स्क्रूवर रंगाचा ठिपका लावायचा. दादाचा पांढरा, माझा पिवळा. ठिपका दिसला की दुसऱ्याने तिथे हात लावायचा नाही, भावाने केलंय म्हणजे झालंय. निघायच्या आदल्या दुपारी दादा म्हणाला, तेवढा होल्डर बदल. आणि त्याच दमात म्हणाला, या वेळी राहू दे तुझं, चौघांचं जमलेलं आहे, पाचव्याने घडी विस्कटते. पाचवा. मी पाचवा. आणि आत हात धुवायला गेला, शीळ घालत. मी पिवळ्या रंगाची डबी उघडली आणि दिव्याच्या स्क्रूवर ठिपका लावला. नुसता ठिपका. होल्डर खणातच राहिला.

त्याला काही व्हावं म्हणून नाही. आईची शपथ. मला वाटलं, दिवा जाईल, तो वैतागेल, आणि मला फोन करेल. तुम्हा सगळ्यांच्या देखत. अरे, दिवा जातोय, काय करू सांग. मला तेवढाच एक फोन हवा होता. दिवसभर फोन खिशात ठेवला नाही, हातात धरून होतो. नाहीच केला त्याने. एवढं काय रमला होता तुमच्यात, की —

काय?

पुन्हा सांगा.

तुम्ही म्हणालात त्याला, धाकट्याला फोन लाव म्हणून? नाश्त्याला थांबलात तिथे? आणि तो — हो, हो, कळलं. तासभर बसला वाऱ्यात. टाकी उतरवली. स्विच खोलला, सगळी वायर बोटाने चाचपत नेली. आणि दिव्याला हात लावला नाही. काय म्हणाला, अगदी त्याच्या शब्दांत सांगा. धाकट्याचा ठिपका आहे, तिथे दोष नसणार. आणि फोन — उगाच फोन केला तर पोराला वाटेल मी त्याच्या कामावर शंका घेतो.

असं म्हणाला.

तुमचा होल्डर ठीक आहे. बघितला मी. दोनदा बघितला. पण ठिपका नाही लावणार, रंग वाळून गेलाय डबीत, आणि — तुम्ही स्वतः बघून घ्या. नाहीतर दुसऱ्या गॅरेजात दाखवा.

मघाशी काय विचारत होतात तुम्ही? येतोस का, शेवटच्या जागी, दादाच्या. मी निळी गाडी काल पुसूनही ठेवली होती, तुम्ही विचाराल म्हणून. आता विचारा.

विचारा ना, मास्तर.

राहू दे. किल्ली त्या खिळ्याला लावा. चेन संध्याकाळपर्यंत होईल. न्यायला तुम्ही येऊ नका, बेकरीवाल्याला पाठवा.