माती चढवणारी घूस

घुशीचा विषय काढलासा म्हणून सांगतो. तवा महाराजांचं राज्य होतं. साहेबाच्या बंगल्यावरचा माळी बाबालाल माझा दोस्त. त्यानं थंड मुलखातल्या भाजीचं बी दिलं, नवलकोलचं. ऐन थंडीत ते परड्यात लावलं. आबा, म्हंजे माझं वडील, गल्लीभर सांगून आलं, "पयला गड्डा महाराजांना नजर करणार!"

गड्डं धरलं आणि भानगड सुरू झाली.

आबा म्हणालं, "लेका, घूस लागलीया. रोज माती उकरून गड्डं उघडं पाडतीया."

चुलीपाशी गेलो, तर बायको म्हणाली, "अवो, घूस लागलीया. रोज माती चढवून गड्डं गाडतीया."

माझं डोकंच फिरलं. उकरणारी घूस म्हाईत होती, ही गाडणारी कुठली?

सापळा लावला, काय बी घावलं न्हाय. शेवटी गोठ्याआड दबा धरून बसलो. सांजच्याला आबा खुरपं घेऊन आलं, मुळ्यागत गड्ड्यांना माती लावून गेलं. सकाळी बायको आली, सगळी माती वडून काढली.

"अगं, ह्ये काय?"

"बाबालालची बायको म्हणाली, ह्यो गड्डा मातीच्या वरच फुगतोय."

"मग आबांना सांगायचं की!"

तिनं पदर वडला. "मामंजींच्या म्होरं मी तोंड उघडू व्हय?"

तवर दारातनं आबांची हाक आली, "घूस घावली काय रं?"

म्हटलं, "दोन घावल्या, आबा. एक लुगडं नेसतीया, दुसरी धोतर."