भिंतीकडं तोंड

ओतूरच्या स्टँडवर गाडी काही लागेना. बाकावर शेजारी बसलेल्या दोघींनी मात्र एकमेकींना ओळखलं आणि स्नेहलचा कान आपोआप तिकडं गेला.

"बाळाबाईच ना गं तू? दवाखान्यात आपली लेकरं शेजारशेजारच्या काचपेटीत व्हती!"

"अगं साळुबाई! माझा गोरख आता अवसरीला इंजिनिअरिंगला हाय."

"मुठीएवढा व्हता गं! आन सकाळचा तो राऊंड? डॉक्टर मॅडम लेकरू कसं हाय ते आधी सिस्टरला इचारायच्या, मग शिकाऊ डॉक्टरला, आन मग म्हनायच्या, आता आई सांगंल."

"माझी दातखीळच बसायची. दारात मामंजी उभे. त्यांच्यापुढं कधी तोंड उघडलं नव्हतं."

"पहिल्या दिवशी गप्पच राहिलीस."

"लेकरू दूध वढत नव्हतं, मला दिसत व्हतं, तरी गप. मामंजींनी वळखलं. भिंतीकडं तोंड करून उभे राहिले न् म्हनले, मॅडम, आता इचारा तिला."

"मग बाहेरच जायचं की!"

"नातवाचं ऐकायचं व्हतं ना."

"रोज राऊंड आला की तुझे मामंजी भिंतीकडं. आमी लई हसायचो. कसे हायेत?"

"गेले, दिवाळीच्या आधी. दवाखान्यातच व्हते. डॉक्टर राऊंडला आले, तर लेकांना सोडून माझ्याकडं बोट केलं. म्हनले, हिला इचारा. त्यांच्या तोंडापुढं बोलायची सवय न्हाई, म्हनून मीच त्यांच्याकडं पाठ केली न् बोलाया लागले."

"मग?"

"मामंजींनी हात धरून मला आपल्याकडं वळवलं."