पिशवीतला मेमो

कोल्हापूर स्टँडवर गडहिंग्लजच्या गाडीची वाट पाहत बसले होते. लग्नानंतर सासरी निघाले, तेव्हाही ही गाडी उशिराच आली होती. शेजारच्या बाकावरच्या गृहस्थांना मी ओळखलं. निवृत्त होईपर्यंत याच मार्गावर ते ड्रायव्हर होते. सोबत त्यांची मुलगी होती, नुकतीच वैमानिक झालेली.

"आप्पा, दोन्ही कंपन्यांकडून नोकरीला होकार आलाय. पाचच्या आत कळवायचंय."

"मोठ्या इमानाला हो म्हण की. ठरलेला रूट, ठरलेली वेळ."

"आणि पेशंट नेणारं छोटं विमान?"

"त्येला रूटच न्हाय. फोन आला की पळायचं. ही काय नोकरी हाय व्हय, संयोगिता?"

"तुम्ही बी एकदा रूट सोडलेला की. कागलजवळ बाईला कळा आल्या, तर भरलेली गाडी थेट दवाखान्यात नेलीत."

"नेलती. सायबानं मेमो दिला."

"आणि बाईला?"

"मुलगी झाली. समद्या गाडीनं पेढं खाल्लं."

"तीस वर्षांच्या नोकरीतला दुसरा कुठला कागद जपून ठेवलाय?"

"न्हाय."

"मग तो मेमोच तेवढा माझ्या लायसनच्या पिशवीत का ठेवलात?"

"पिशवीत जागा हुती."

गाडी लागली. मी उठले. ते दोघं बसूनच राहिले.

"आप्पा, काय कळवू?"

"त्या छोट्या इमानवाल्यांत मेमो देत्यात का?"

"देतात की."

"मग मिळंल त्यो जपून ठीव. पिशवीत अजून जागा हाय."